परदेशातली विज्ञान परिषद आणि तिथल्या सहली: मराठवाड्यातल्या संशोधकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेपर स्वीकारल्याचा मेल आला की आनंद तासभर टिकतो, मग प्रश्नांची रांग लागते. विभागातून आधी कुणी बाहेर गेलेलं नसेल, तर विचारायचं कुणाला हाच पहिला प्रश्न. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणी, लातूर, बीड इथले विद्यार्थी जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. व्हिसा आणि पैशांचं आहेच, पण जास्त जागा मी परिषदेतल्या संध्याकाळी, जेवणं आणि सहलींना दिली आहे. आपली मुलं पेपर चांगला मांडतात आणि सत्र संपलं की हॉटेलच्या खोलीत जाऊन बसतात. ज्या ओळखींसाठी एवढा खटाटोप केला, त्या मग होतच नाहीत.

ही परिषद खरी आहे की नुसती पैसे उकळणारी, हे कसं ओळखायचं?

तुम्ही अर्ज केलेला नसताना "आदरणीय प्राध्यापक" म्हणून मेल आला, विषयांच्या यादीत शेतीपासून नॅनो तंत्रज्ञानापर्यंत सगळंच असलं आणि सारांश पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी स्वीकृती आली, तर थांबा. आयोजन समितीतली दोन-तीन नावं घ्या, त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर जा आणि त्यांना सरळ मेल करून विचारा. अनेकदा त्यांना आपलं नाव तिथे आहे हेच माहीत नसतं. हा धंदा किती मोठा आहे याची कल्पना एका निकालावरून येते: अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हैदराबादेतल्या एका प्रकाशन समूहावर नियतकालिकं आणि परिषदांबाबत दिशाभूल केल्याचा खटला भरला, आणि २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरण्याचा आदेश दिला.

सगळ्यात सोपी कसोटी अशी: तुम्ही ज्यांचे शोधनिबंध वाचता, ती माणसं या परिषदेला जातात का? जात नसतील तर तुम्हीही जाऊ नका, आणि गाईडने आग्रह धरला तरी हे त्यांना दाखवा.

पैसे कुठून आणायचे?

आधी आयोजकांनाच विचारा. बहुतेक चांगल्या परिषदांत विद्यार्थ्यांसाठी शुल्कमाफी किंवा प्रवासखर्चाची मदत असते. तिची मुदत सारांश पाठवण्याच्या मुदतीबरोबरच किंवा त्याच्याही आधी संपते, म्हणून ती निसटते. व्हिएन्नाला दर वसंतात भरणाऱ्या युरोपियन जिओसायन्सेस युनियनच्या महासभेत अशी मदत दिली जाते. इटलीत ट्रिएस्टला अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये उभं केलेलं आयसीटीपी हे भौतिकशास्त्र आणि गणिताचं केंद्र तर विकसनशील देशांतल्या संशोधकांसाठीच आहे. तिथल्या कार्यशाळांना निवड झालेल्या अनेकांचा राहण्याचा आणि कधी प्रवासाचाही खर्च केंद्र उचलतं. मराठवाड्यातल्या मुलांनी पहिला परदेश प्रवास अशाच ठिकाणी करावा, असं मला मनापासून वाटतं.

भारतात सीएसआयआरचं प्रवास अनुदान आहे. सर्ब (विज्ञान संशोधनाला पैसा देणारी केंद्र सरकारची संस्था) आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाली आहे, तेव्हा तिची प्रवास योजना नव्या पोर्टलवर शोधा. सरकारी पैशातून जाणार असाल तर विमानाचं तिकीट मिळेल तिथून काढू नका. अशा प्रवासासाठी बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी हे तीन अधिकृत एजंट ठरवलेले आहेत. मंजुरीपत्रातली ती ओळ वाचल्याशिवाय तिकिटाला हात लावू नका.

वडील शेती करतात, घरात कुणाचं आयकर विवरणपत्र नाही. व्हिसा मिळेल का?

मिळतो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्र नसणं हा दोष नाही. पण हे व्हिसा अधिकाऱ्याला आपण समजावून सांगायचं असतं. अर्जासोबतच्या पत्रात दोन ओळींत लिहा की कुटुंबाचं उत्पन्न शेतीचं आहे आणि ते करमुक्त आहे. पुराव्याला सातबारा, आठ-अ, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि या सगळ्यांचं इंग्रजी भाषांतर जोडा. बार्टी, सारथी, महाज्योती किंवा यूजीसीची फेलोशिप असेल तर तिचं पत्र सगळ्यात वर ठेवा. ते तुमचं स्वतःचं उत्पन्न आहे, आणि तुम्ही परत येऊन संशोधन पूर्ण करणार याचाही तो पुरावा आहे. गाईडचं पत्र, बोनाफाईड आणि विद्यापीठाचं ना हरकत प्रमाणपत्र याच कारणासाठी लागतं. अधिकाऱ्याच्या मनात एकच शंका असते: हा माणूस परत जाईल ना?

एक चूक घरोघरी होते. शिल्लक दिसावी म्हणून मामा किंवा काका अर्जाच्या आदल्या आठवड्यात दोन लाख खात्यात टाकतात. असा अचानक आलेला पैसा उलट संशय वाढवतो. मामांना खर्च करायचाच असेल तर त्यांचं प्रायोजकत्वाचं पत्र आणि त्यांचंच बँक विवरण उघडपणे जोडा.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. त्या शेवटच्या दिवसांपर्यंत थांबू नका, उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही. प्रौढांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा.

माझं नाव गुणपत्रिकेवर वेगळं आणि पासपोर्टवर वेगळं आहे. अडचण येते का?

येते, आणि ती शेवटच्या क्षणी कळते. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र जातं. परिषदेच्या नोंदणीत, निमंत्रणपत्रात आणि तिकिटावर पासपोर्टवरचंच नाव अक्षर न् अक्षर तसंच ठेवा. गळ्यातल्या बॅजवर मात्र ज्या नावाने हाक मारलेली आवडते ते छापून घ्या, नाहीतर चार दिवस सगळे तुम्हाला वडिलांच्या नावाने हाक मारतील.

व्हिसासाठी मुंबईला किती खेपा होतात?

शेंगेनसाठी सहसा एक. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, पासपोर्ट कुरिअरने मागवता येतो. काही देशांचे अर्ज पुण्यातही घेतात, आधी तपासा. अमेरिकेसाठी ठसे आणि मुलाखत अशा दोन वेगळ्या वेळा असतात, त्या लागोपाठच्या दिवशी घ्या. नांदेड-परभणीकडून रात्रीची देवगिरी सोयीची असली, तरी सकाळची पहिली अपॉइंटमेंट घेऊ नका. गाडी उशिरा पोहोचली तर सगळंच हुकतं.

पोस्टर कसं न्यायचं?

कापडावर छापून घ्या, घडी करून हातातल्या बॅगेत बसतं. बहुतेक ठिकाणी ए-झीरो आकार चालतो, म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सेंटीमीटर. पण फळा उभा आहे की आडवा, हे छापण्याआधी पाहा.

पहिल्या संध्याकाळचा स्वागत समारंभ चुकवला तर चालेल का? प्रवासाने जीव थकलेला असतो.

चुकवू नका. त्या संध्याकाळी कुणाचे गट पडलेले नसतात, सगळेच नवखे असतात. दुसऱ्या दिवसापासून जुनी मंडळी एकमेकांत रमतात आणि नवीन माणसाला शिरायला जागा उरत नाही. युरोपात बऱ्याच देशांत उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे घड्याळ असतं, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे तिथले रात्रीचे आठ वाजले की आपल्या शरीराचे साडेअकरा-साडेबारा. जमलं तर एक दिवस आधी पोहोचा. दुपारी झोपू नका, बाहेर उजेडात चाला, आणि समारंभाला निदान तासभर तरी जा.

उभं राहून खायचं-प्यायचं असतं, खुर्च्या नसतात. हातात एक पेला घ्या, दुसरा हात मोकळा ठेवा. तीन-चार जणांच्या घोळक्यापाशी जाऊन ‘मी येऊ का’ एवढं विचारलं तरी पुरतं. असं विचारणं तिथे आगाऊपणाचं समजत नाहीत.

‘सोशल प्रोग्राम’मध्ये सहल लिहिली आहे. ती नेमकी कसली असते? आणि अभ्यास सोडून फिरायला गेलो असं वाटणार नाही का?

हा प्रश्न आपल्याकडेच विचारला जातो, आणि त्याचं कारण मला समजतं. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पैसे दिलेले असतात, विद्यापीठाने रजा दिलेली असते, आणि आपण बोटीत बसून सरोवर बघायचं? मन खातं. पण आयोजक त्या सहली उगाच ठेवत नाहीत.

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये ओबरवोल्फाख नावाची गणितज्ञांची संस्था आहे, १९४४ पासूनची. तिथे आठवडाभराच्या कार्यशाळेत बुधवारी दुपारी व्याख्यानं नसतात. सगळे मिळून जंगलातून सांक्ट रोमान गावापर्यंत चालत जातात आणि तिथे केक खातात. जेवणाच्या टेबलावर कोण कुठे बसणार हेही ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं नसतं. प्रत्येकाचं नाव लिहिलेल्या हातरुमालाच्या पिशव्या वेगवेगळ्या जागी मांडलेल्या असतात, म्हणजे रोज नवा शेजार मिळतो. जगातले उत्तम गणितज्ञ बोलावून त्यांना अर्धा दिवस चालायला लावणं हा त्या संस्थेच्या कार्यक्रमाचा विचारपूर्वक ठेवलेला भाग आहे. जर्मनीतच लिंडाऊला १९५१ पासून नोबेल विजेते आणि तरुण संशोधकांच्या भेटी होतात. तिथेही शेवटच्या दिवशी सगळे बोटीने माइनाऊ बेटावर जातात. सभागृहात नोबेल विजेत्यासमोर तुम्ही सहाशे जणांतले एक असता. बोटीच्या कठड्याशी उभं राहिल्यावर बोलायला दोघंच असता.

भूशास्त्रात तर सहल हीच प्रयोगशाळा. मोठ्या परिषदांच्या आधी किंवा नंतर काही दिवसांच्या फील्ड ट्रिप असतात. आपण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर, वाढलेली माणसं. लाव्हाचे थर वाचायला शिकलेला मराठवाड्यातला विद्यार्थी तिथे कुणाच्या मागे पडत नाही. उलट ज्यांनी दख्खनचा पठारी खडक फक्त शोधनिबंधांत पाहिला आहे, ते तुम्हाला प्रश्न विचारतात.

व्यवहाराचं: सहल आणि मेजवानी नोंदणी शुल्कात धरलेली आहे की वेगळे पैसे आहेत, हे फॉर्म भरतानाच पाहा. जागा मोजक्या असतात आणि पहिल्या आठवड्यातच भरतात. पैशांची अगदीच ओढाताण असेल आणि एकच निवडायचं असेल, तर मेजवानी सोडा, सहल घ्या. मेजवानीत एका टेबलावरच्या चौघांशी बोलणं होतं. चालताना माणसं बदलत राहतात. बस ठरल्या मिनिटाला सुटते, कुणासाठी थांबत नाही. चालायचे बूट, पावसाचं जाकीट, नेहमीची औषधं जवळ ठेवा.

आणि बसमध्ये सगळे भारतीय एका रांगेत बसू नका. परक्या देशात मराठी किंवा हिंदी कानावर पडली की बरं वाटतं, ते सुख संध्याकाळी घ्या. बसमध्ये अनोळखी माणसाशेजारी बसा.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. सहलीत तीन तास इंग्रजीत काय बोलणार?

तिथे निम्म्याहून अधिक जणांची मातृभाषा इंग्रजी नसते. इटलीचा, कोरियाचा, ब्राझीलचा माणूसही मनात वाक्य जुळवूनच बोलतो. चुकलं तर कुणी हसत नाही. नाही समजलं तर ‘पुन्हा सांगाल का’ म्हणा.

तयारी एवढीच करा. आपलं काम दोन मिनिटांत, आकृतीशिवाय, वेगळ्या शाखेच्या माणसाला सांगता आलं पाहिजे. हे घरी मोठ्याने बोलून बसवा. दुसरं, आपल्या भागाबद्दल सांगण्यासारखं काहीतरी जवळ ठेवा, कारण ‘तुम्ही कुठून आलात’ हा प्रश्न हमखास येतो, आणि ‘मुंबईजवळून’ हे उत्तर देऊन आपण चांगली संधी घालवतो.

भौतिकशास्त्रात असाल तर हिंगोली म्हणा. औंढा नागनाथच्या परिसरात लायगो-इंडियाची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी, वेधशाळा होणार आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये पूर्ण मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरींवर काम करणाऱ्यांना हे नाव माहीत असतं, आणि तिथलं कुणी समोर भेटलं की ते खूश होतात. भूकंपशास्त्रात असाल तर किल्लारी. स्थिर मानलेल्या भूखंडाच्या मधोमध ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे एवढा मोठा भूकंप झाला, त्यात हजारो माणसं गेली, आणि स्थिर भूखंडांविषयीचे समज तपासून पाहावे लागले. तुमच्या घरातल्या कुणी तो अनुभवला असेल तर तेही सांगा, लोक मनापासून ऐकतात. कृषी विद्यापीठातले असाल तर ज्वारी आहे: लोह आणि जस्त जास्त असलेलं ‘परभणी शक्ती’ हे वाण २०१८ मध्ये आलं. आणि कुठल्याही शाखेचे असलात तरी एकाच खडकात वरून खाली कोरलेलं वेरूळचं कैलास लेणं आहेच. फोनमध्ये दोन-तीन चांगले फोटो ठेवा.

ज्यांचे निबंध वाचून पीएचडी केली, ते प्राध्यापक समोर आले तर?

पाया पडू नका, हात जोडून नमस्कार किंवा हस्तांदोलन करा. "तुमचा अमुक निबंध वाचला" एवढ्यावर थांबू नका. त्यातली एक आकृती किंवा गृहीतक घेऊन खरा प्रश्न विचारा. तिथे प्राध्यापकाशी मतभेद दाखवणं उद्धटपणाचं मानत नाहीत, कारण दिलंत तर त्यांना आवडतंच. पहिल्या भेटीत बायोडेटा पुढे करू नका, पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या संशोधनाची) जागा मागू नका. त्यांना पोस्टरपाशी यायचं निमंत्रण द्या. सेल्फी काढायचा तर विचारून, आणि शेवटी.

शाकाहारी जेवणाचं काय?

नोंदणीच्या फॉर्मवरच लिहा, आणि ‘शाकाहारी’ एवढ्यावर सोडू नका. मासे नाहीत, अंडी चालतात की नाहीत, जिलेटिन चालतं का, हे स्पष्ट लिहा. काही देशांत मासे खाणाराही स्वतःला शाकाहारी म्हणवतो. जपानमध्ये भाजीच्या रश्श्यातही माशांचा अर्क असतो. इटलीतलं पारमेजान चीज वासराच्या पोटातल्या रसाने विरजतात. कडक पाळणाऱ्यांनी ‘व्हीगन’ (दूध-अंडीही नाहीत) लिहिणं सुरक्षित. हलाल हवं असेल तर तेही असंच आधी कळवा. माळकऱ्यांच्या घरातल्या मुलामुलींना याचा संकोच वाटतो. वाटून घेऊ नका. आयोजकांना अशा मागण्यांची सवय असते.

घरून भाजणी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, येसर न्या. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, तेव्हा आईने दिलेले पेढे आणि तुपाची बरणी घरीच ठेवा. ऑस्ट्रेलियाला जाताना बॅगेतला प्रत्येक खाद्यपदार्थ फॉर्मवर जाहीर करा, तिथले दंड जबर आहेत. आणि चटणी कुणाला चाखायला देण्याआधी त्यात शेंगदाणे आहेत हे सांगा. तिकडे काहींना शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी असते.

मेजवानीत वाईन असते. घेतली नाही तर अपमान होतो का?

नाही. "मी घेत नाही" एवढं पुरे, कारण सांगायची गरज नाही. रस किंवा पाण्याचा पेला उंचावला तरी चालतं. जर्मनी-ऑस्ट्रियात पेले टेकवताना एकमेकांच्या डोळ्यांत बघायची रीत आहे. जपानमध्ये सगळे मिळून ‘कानपाई’ म्हणेपर्यंत कुणी पेला तोंडाला लावत नाही. कुणी आग्रहच करत राहिलं तर तिथून उठून दुसऱ्या टेबलाशी जा.

मी मुलगी आहे, एकटी जाणार. घरचे संध्याकाळच्या कार्यक्रमांना जाऊ नको म्हणतात.

त्यांची काळजी खरी आहे, तिला हसू नका. कार्यक्रमपत्रिका छापून आई-बाबांना मराठीत समजावून सांगा: मेजवानी हा परिषदेचा अधिकृत भाग आहे, शंभर-दोनशे माणसं असतात, अमुक वाजता संपते, हॉटेल इतक्या अंतरावर आहे. हॉटेलचा आणि आयोजकांचा नंबर घरी देऊन ठेवा. वेळेतला फरक कागदावर लिहून भिंतीला लावा, म्हणजे रात्री फोन लागला नाही तर घरात रडारड होत नाही. शक्य असेल तर गाईड मॅडमना किंवा सरांना वडिलांशी एकदा बोलायला सांगा.

तुमच्यासाठी: चांगल्या परिषदांची लेखी आचारसंहिता असते आणि तक्रारीसाठी ठरलेली व्यक्ती असते. ते पान जाण्याआधी वाचा, नंबर फोनमध्ये ठेवा. संशोधनावर बोलायचं म्हणून कुणी हॉटेलच्या खोलीत बोलावलं तर जाऊ नका, तो कितीही मोठा असो. बोलणं लॉबीत किंवा कॉफीच्या टेबलावर होऊ शकतं. परतताना सोबतच्या दोघी-तिघींचा आधीच ठरवून गट करा. आणि हे सगळं करून मेजवानीला, सहलीला नक्की जा. तिथे तुम्ही नसलात तर तुमचं काम किती चांगलं आहे हे तिथल्या माणसांना कळणारच नाही.

कपडे कोणते?

युरोपातल्या परिषदांत कोट-टाय फार कमी दिसतात. इस्त्रीचा शर्ट, पँट, स्वेटर पुरे. साडी किंवा सलवार-कमीज मेजवानीला उत्तम, सहलीला नको. मराठवाड्याच्या थंडीवरून तिकडच्या थंडीचा अंदाज बांधू नका. एका जाड कोटापेक्षा आत थर्मल आणि वर दोन थर बरे.

भेटवस्तू न्यावी का?

यजमान असेल तर छोटी. हिमरूचा स्टोल किंवा पैठणीच्या कापडाची पाऊच हलकी असते, आणि ती कुठली हे सांगता येतं. महागडी वस्तू समोरच्याला अवघडवते.

खर्चाचे पैसे आणि टिप?

फॉरेक्स कार्ड घ्या, थोडी रोख ठेवा. परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासाला सहसा ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात, आणि तुम्हाला त्याचा लहानसा भागही पुरेल. सगळे मिळून जेवायला गेलात तर ज्याचं त्याने द्यायचं असतं, बिलासाठी ओढाओढ करू नका. अमेरिकेत हॉटेलात १५ ते २० टक्के टिप धरूनच हिशेब करा. जपानमध्ये टिप देतच नाहीत.

परिषदेनंतर चार दिवस फिरून आलं तर चालतं का?

व्हिसाच्या अर्जात ते दिवस दाखवले असतील, विमा तेवढ्या दिवसांचा असेल आणि विद्यापीठाने रजा मंजूर केली असेल तर चालतं. अनुदान देणारी संस्था मात्र जादा दिवसांचा खर्च देत नाही, आणि परतीच्या तारखेबद्दल तिची अट असू शकते. आधी लेखी विचारा.

परत आल्यावर काय करायचं?

बोर्डिंग पास फेकू नका, अनुदानाच्या हिशेबाला मूळ पास मागतात. फोनवरचा पास असेल तर विमानतळावरच छापील घ्या. नोंदणीची पावती, उपस्थितीचं प्रमाणपत्र आणि खर्चाचा तक्ता आठवड्याच्या आत जमा करा.

त्याच आठवड्यात भेटलेल्या माणसांना मेल लिहा. प्रत्येकाला वेगळा, चार ओळींचा: कुठे भेटलो, काय बोललो, आणि मी देतो म्हणालो होतो ती फाईल. बसमध्ये एखाद्या आकृतीवर वाद झाला असेल तर घरी येऊन केलेलं गणित जोडा. मग विभागातल्या मुलांना बोलावून तासभर सांगा: व्हिसाला कोणते कागद लागले, मेजवानीत कोण काय म्हणालं, कुठल्या प्रयोगशाळेत जागा निघणार आहे. पुढच्या वर्षी अर्ज भरणाऱ्याला तुमची जुनी फाईल पाहायला द्या, सातबाऱ्याच्या भाषांतरासकट.